ज्याला उमेदवारच ठाऊक नाहीत, त्याला ‘मतदान करा’ असा आग्रह धरावा का?

धागाकर्ता : वर्गाबाहेर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि गेल्या १८ वर्षांत लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत अनेक निवडणुकांत मतदान केंद्रावर काम केले आहे. गेल्या विधानसभा निवडणुकीपूर्वी, म्हणजे २०२४ मध्ये, आमच्या शाळेनेही प्रभातफेरी काढली आणि प्रत्येक मुलाच्या हाती एक संकल्पपत्र दिले. पालकांनी ‘मी मतदान करीन’ असे लिहून त्यावर सही करायची आणि मुलाने ते वर्गात परत आणायचे, अशी ती योजना होती. माझ्या वर्गातील जवळजवळ सर्व पत्रे सही होऊन आली आणि मला त्याचे समाधानही वाटले.

मतदानाच्या दिवशी माझी नेमणूक शेजारच्या गावात मतदान केंद्राध्यक्ष म्हणून होती. दुपारी एक वृद्ध बाई आल्या. नाव सापडले, बोटाला शाई लागली, आणि मतदान कक्षाकडे जाण्याऐवजी त्या माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, “गुरुजी, ह्यातलं आपलं कुठलं?” मला त्यांना काहीच सांगता येत नव्हते. नियमानुसार मी पुठ्ठ्याचे नमुना यंत्र समोर धरले आणि चिन्हासमोरचे निळे बटण कसे दाबायचे एवढे दाखवले. कक्षात मी जाऊ शकत नव्हतो, आणि सोबत्याची सवलत अंध किंवा शारीरिकदृष्ट्या असमर्थ मतदारालाच असते. ज्याला कोणाला मत द्यावे हे कळत नाही, त्याच्यासाठी ती नसते. त्या बराच वेळ आत उभ्या होत्या. अखेर यंत्राचा लांब आवाज झाला. बाहेर पडताना त्या म्हणाल्या, “नातवानं कागदावर अंगठा घेतला होता, म्हणून आले.” त्यांचा नातू माझ्याच वर्गात आहे.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. त्या बाईंना मताचा हक्क नसावा, असे मला क्षणभरही वाटत नाही आणि या धाग्यावर कोणी तसे सुचवू नये अशी विनंती आहे. हक्क असणे ही एक गोष्ट आहे, आणि तो बजावण्यासाठी शाळेने, शासनाने व शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आग्रह धरणे ही दुसरी. निवडणूक आयोगाच्या ‘स्वीप’ या मतदार-जागृती उपक्रमाच्या पूर्ण नावात आधी मतदारांचे शिक्षण येते आणि नंतर सहभाग. प्रत्यक्षात आम्हांला दर दोन तासांनी टक्केवारी कळवावी लागते आणि शिक्षणाचा रकाना कोणत्याही तक्त्यात नसतो. कोणाला काय ठाऊक आहे याचा विचार न करता सर्वांना केंद्रावर आणणे योग्य आहे का?

---

अनुस्वार

सर, आपण हा प्रश्न सरळपणे मांडलात याबद्दल आभार. माझे उत्तर असे आहे की, आग्रह धरू नये.

आमच्या गृहनिर्माण संस्थेत पुनर्विकासाचा प्रस्ताव आला होता. प्रस्तावाची प्रत ज्यांनी उघडूनही पाहिली नव्हती, अशा काही सभासदांना सर्वसाधारण सभेत केवळ हात वर करण्यासाठी बोलावून आणले गेले. आपल्या हाताने शेजारच्या कुटुंबाच्या घराचा निर्णय होत आहे, याची जाणीव त्यांच्यापैकी काहींना नंतर झाली. मत ही केवळ स्वतःची गोष्ट नसते, तिचा परिणाम इतरांवर होतो. म्हणून ‘मला या विषयातले कळत नाही, मी बाजूला राहतो’ असे म्हणणाऱ्या माणसाचा मी आदर करतो, आणि त्याला बेजबाबदार ठरवणाऱ्या फलकांचा मला त्रास होतो.

मी स्वतःही यात दोषी आहे. पुण्यात २०१७ च्या महापालिका निवडणुकीत चार सदस्यांचा प्रभाग होता, म्हणजे प्रत्येक मतदाराला चार मते द्यायची होती. मला चारपैकी एका जागेवरील उमेदवारांची माहिती होती. उरलेल्या तीन ठिकाणी मी पक्षाचे चिन्ह पाहून बटण दाबले. तेथे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय उपलब्ध होता आणि माझ्या अज्ञानाला तोच प्रामाणिक ठरला असता, असे मला आज वाटते.

---

काटेसावर

धागाकर्त्यांनी हक्क आणि आग्रह यांत केलेला भेद मला मान्य आहे. पण आपल्या देशात हे दोन प्रश्न एकमेकांपासून इतके सहज सुटे होत नाहीत. ‘अजाण मतदार’ हा शब्द येथे कोणी, कोणासाठी आणि कशासाठी वापरला, हे आधी पाहावे लागेल.

मताधिकार कोणाला द्यावा हे ठरवण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीपुढे २७ जानेवारी १९१९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली, तेव्हा ते २७ वर्षांचे होते. मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींवर मतदार ठरत असल्याने अस्पृश्य समाजातील माणूस यादीत जवळजवळ येतच नव्हता. सार्वजनिक जीवनात भाग घेण्याची संधी मिळाल्यानेच माणूस घडतो, अशी त्यांच्या मांडणीची दिशा होती. पुढे सायमन कमिशनच्या वेळी, मुंबई प्रांतिक समितीचे सदस्य म्हणून १९२९ मध्ये सादर केलेल्या स्वतंत्र अहवालात, त्यांनी साक्षरतेच्या अटीमागील दोन चुका दाखवल्या: निरक्षर माणूस बुद्धिहीनच असतो असे मानणे ही पहिली, आणि साक्षर झाल्याने बुद्धी वाढतेच असे मानणे ही दुसरी. तरीही १९३५ च्या कायद्यात बहुसंख्य प्रौढ मताधिकाराबाहेरच राहिले.

मग प्रत्येक प्रौढाला मताधिकार देणारे राज्यघटनेचे ३२६ वे कलम आले. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे १८ टक्के होती आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरपासून सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची निवडणूक सुरू झाली. वाचता न येणाऱ्या मतदारासाठी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह अशी सोय केली गेली. माहितीची उणीव आहे म्हणून मतदाराला थांबवण्याऐवजी यंत्रणेने स्वतःला मतदाराच्या पातळीवर आणले. त्या निवडणुकीतील एक गोष्ट मात्र मला अजूनही अस्वस्थ करते. सुमारे २८ लाख स्त्रियांनी यादीसाठी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी ओळख दिली आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्या नोंदी स्वीकारल्या नाहीत. त्यांचा हेतू चांगला होता, पण त्या स्त्रियांचे त्या वेळचे मत गेले ते गेलेच.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांनी तर मतदाराच्या ज्ञानाची खरोखरच परीक्षा घेतली. राज्यघटनेतील उतारा वाचून त्याचा अर्थ सांगायचा आणि तो बरोबर आहे की नाही हे नोंदणी अधिकाऱ्याने ठरवायचे, अशा चाचण्यांनी कृष्णवर्णीय नागरिकांना अनेक दशके दूर ठेवले. १९६५ च्या मताधिकार कायद्याने या चाचण्यांना तेथे आळा घातला. परीक्षा घेणारा माणूस उमेदवारांच्याच गटातला असेल, तर प्रश्नपत्रिका कशी निघते हे यावरून कळते.

शिक्षणाने मतदार जाणता होतो, या समजुतीविषयीही एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत देण्यासाठी पदवी लागते, पदवी घेऊन किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि स्वतः अर्ज भरून नाव नोंदवावे लागते. मतपत्रिकेवर दिलेल्या जांभळ्या पेनाने आपल्या पसंतीच्या उमेदवारासमोर ‘१’ हा आकडा लिहायचा असतो. नाशिक पदवीधर मतदारसंघात २०२३ मध्ये १,२९,६१५ मते पडली आणि त्यांपैकी १२,९९७ बाद ठरली. दर दहा पदवीधरांमागे एकाला आपले मत वैध ठेवता आले नाही. त्या आजींचे मत मात्र निदान मोजले गेले.

---

वर्गाबाहेर (धागाकर्ता)

काटेसावर, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. नाशिकचा आकडा मला नवा होता. परंतु आपण हक्काचे समर्थन केले आहे आणि ते मला पूर्ण मान्यच आहे. माझी अडचण एवढीच की, मी एका मुलाच्या हातून त्याच्या आजीकडे वचन मागितले आणि ते पाळायला ती आली, तेव्हा तिला देण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. माहिती देण्याची वेळ मतदानाच्या दिवशी संपलेली असते.

---

कांदाचाळ

मी निफाड तालुक्यातील शेतकरी कुटुंबातली आहे. आमचा तालुका दिंडोरी लोकसभा मतदारसंघात येतो. ‘माहिती नसलेला मतदार’ या शब्दांत आपण दोन निराळ्या गोष्टी एकत्र करत आहोत, असे मला वाटते. म्हणून आमच्याकडचा अनुभव सविस्तर सांगते.

८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यातबंदी झाली. त्यानंतर बाजार समितीत भाव कसे उतरले, किती क्विंटल माल चाळीत पडून सडला, गाडीभाडे सुटले की नाही, हे माझ्या शाळा न शिकलेल्या सासूबाई तारीखवार सांगू शकत होत्या. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यात मूल्य लागू झाले, हेही त्यांना ठाऊक होते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, अशी आमच्याकडची म्हण आहे. धोरणाविषयी त्यांच्याइतके नेमके बोलणारे पदवीधर मला नाशिक शहरात फार भेटले नाहीत. २० मे रोजी त्या मतदानाला गेल्या तेव्हा त्यांना कशासाठी मत द्यायचे आहे हे पक्के ठाऊक होते.

अडचण चिन्हाची होती. ज्या पक्षाचे ‘घड्याळ’ हे चिन्ह लोकांनी सुमारे २५ वर्षे पाहिले, तो पक्ष फुटला आणि त्यातील एका गटाला निवडणुकीच्या काही महिने आधी ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह मिळाले. त्याच वेळी ‘ट्रम्पेट’ हे मुक्त चिन्ह अपक्षांना वाटले गेले आणि मराठी यादीत त्याचेही नाव ‘तुतारी’ असेच आले. आमच्या मतदारसंघात ते चिन्ह मिळालेल्या आणि आडनावातही साम्य असलेल्या एका अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली. साताऱ्यात त्याच चिन्हाच्या अपक्षाला सुमारे ३७ हजार मते मिळाली आणि तेथील विजयाचे अंतर ३२,७७१ मतांचे होते. यांपैकी किती मते चुकून पडली हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही, कारण मत गुप्त असते. पण ज्याची एकही प्रचारसभा कोणाला आठवत नाही अशा माणसाला एवढी मते पडावीत, याचा आमच्या गल्लीने लावलेला अर्थ एकच होता.

हे काही पहिल्यांदाच घडले नाही. रायगडमध्ये २०१४ साली लोकसभेचा एक प्रमुख उमेदवार सुमारे २,१०० मतांनी हरला आणि त्याच नावाच्या अपक्षाला ९,८०० हून अधिक मते होती. पुढच्या वर्षी आयोगाने मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र छापण्याचा निर्णय घेतला.

म्हणून माझे म्हणणे असे की, आजींना देशाचे काय चालले आहे हे कळत नव्हते, की फक्त त्या रांगेतले ‘आपले’ चिन्ह ओळखता येत नव्हते, हे सरांनी तपासलेले नाही. त्यांचा प्रश्न पुन्हा वाचा. “आपलं कुठलं” असे त्यांनी विचारले. म्हणजे काहीतरी आपले आहे, हे त्यांचे ठरलेले होते.

---

वर्गाबाहेर (धागाकर्ता)

ताई, हे मला सुचले नव्हते. त्या वाक्यातला ‘आपलं’ हा शब्द मी ऐकला, पण त्याकडे लक्ष दिले नाही.

---

दूरकिनारा

मी १४ वर्षांपासून मेलबर्नमध्ये राहतो. येथे केंद्रीय निवडणुकीत मतदान १९२४ पासून सक्तीचे आहे. १९२२ मध्ये ६० टक्क्यांपेक्षा कमी मतदान झाल्यावर तो कायदा आला आणि पुढील निवडणुकीत प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले. सबळ कारणाशिवाय मत न दिल्यास २० डॉलर दंड होतो. त्यामुळे ‘आग्रह धरावा का’ हा प्रश्न येथे कायद्यानेच मिटवला आहे आणि त्याचे दोन परिणाम मी पाहिले आहेत. ज्यांना रस नाही असे काही लोक मतपत्रिकेवर वरून खाली क्रमाने १, २, ३ असे आकडे टाकून मोकळे होतात. म्हणून उमेदवारांचा क्रमही चिठ्ठ्या टाकून ठरवावा लागतो. दुसरीकडे, सर्वजण येणारच असल्यामुळे कोणत्याही पक्षाला एखादी वस्ती वगळून प्रचार आखता येत नाही.

गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी असाच कायदा केला होता, परंतु २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. माझ्या मते भारतात सक्ती नको. मजुरीसाठी स्थलांतर करणाऱ्या माणसावर तिचा भार सर्वाधिक पडेल.

---

अनुस्वार

कांदाचाळ यांच्या प्रतिसादामुळे माझ्या मताचा एक भाग ढासळला आहे, तो मी मान्य करतो. मात्र दुसरा भाग त्यामुळेच बळकट झाला.

कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्ये असे दाखवले की, प्रत्येक मतदाराची बरोबर निर्णय घेण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जरी अधिक असेल आणि प्रत्येकजण स्वतंत्रपणे ठरवत असेल, तर संख्या वाढेल तसा बहुमताचा निर्णय अधिकाधिक भरवशाचा होतो. याच्याच जोडीला असे म्हटले जाते की, काहीच न जाणणाऱ्यांची मते सगळीकडे सारखी विखुरतात आणि एकमेकांना रद्द करतात; म्हणून ती आल्याने बिघडत काही नाही. पण तुतारीचे उदाहरण सांगते की चुका विखुरत नाहीत. त्या एकाच बाजूला झुकवता येतात आणि झुकवल्या जातात. सारखे नाव, सारखे चिन्ह, शेवटच्या रात्री पसरवलेली अफवा या सर्वांचा परिणाम नेमका त्याच मतदारावर होतो, ज्याला आपण केवळ ‘या’ म्हणून बोलावलेले असते.

---

ओसरी

मी एका तालुक्याच्या गावी वकिली करते आणि गेली अनेक वर्षे निवडणुका जवळून पाहते आहे. अनुस्वार यांचा युक्तिवाद तर्काला धरून आहे, परंतु त्याने एक गोष्ट गृहीत धरली आहे की, शाळेने आग्रह थांबवला तर तो मतदार घरी राहील. तो घरी राहत नाही.

मतदानाच्या आदल्या रात्री वस्त्यांवर जे घडते, ते येथे लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पैसे देऊन मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार आहे आणि मतदारांना केंद्रावर नेण्यासाठी उमेदवाराने वाहने पुरवणेही त्याच कलमाखाली येते. तरीही गाड्या येतात. ज्याला कोणत्याही उमेदवाराची माहिती नाही, ज्याला कोणीही निरपेक्षपणे ‘ये’ असे म्हटलेले नाही, त्याच्या दारी ती गाडी सर्वात आधी उभी राहते. शाळेचे संकल्पपत्र हे त्या घरात गेलेले एकमेव असे बोलावणे असते, ज्याच्यामागे कोणाचाही स्वार्थ नसतो. ते मागे घेतले तर बोलावण्याचे काम पूर्णपणे पैसेवाल्यांच्या हाती जाईल.

आणखी एक निरीक्षण नोंदवते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले आणि दक्षिण मुंबईत सुमारे ५० टक्के. वर्तमानपत्रे, इंटरनेट, उमेदवारांची शपथपत्रे हे सर्व दक्षिण मुंबईच्या हाताशी आहे. माहिती असलेला माणूस येतो आणि नसलेला राहतो, असे चित्र मुळात नाहीच. त्यामुळे आग्रह कोणाला करायचा याची निवड करायची असेल, तर ती अज्ञानावरून करता येणार नाही.

उणीव आपल्या बाजूची आहे. २००२ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे उमेदवाराला आपल्यावरील गुन्हे, मालमत्ता, कर्जे आणि शिक्षण शपथेवर जाहीर करावे लागते. नमुना २६ मधील ते शपथपत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या फलकावर लागते आणि आयोगाच्या संकेतस्थळावरही येते. ज्या गावात ते कोणी मोठ्याने वाचून दाखवत नाही, तेथे तो निकाल अजून पोहोचलेला नाही, असे मी समजते.

---

वर्गाबाहेर (धागाकर्ता)

ओसरी ताई, मी या धाग्यावर आलो तेव्हा पुढच्या वेळी संकल्पपत्रे वाटू नयेत, असे माझे जवळजवळ ठरले होते. ते आता बदलले आहे. पत्रे वाटीन, मात्र त्याआधी त्या घरांपर्यंत उमेदवारांची नावे, चिन्हे आणि शपथपत्रांतील माहिती पोहोचेल अशी काही व्यवस्था व्हायला हवी. वर्गात फळ्यावर सर्व उमेदवारांची नावे व चिन्हे लिहून मुलांना ती घरी सांगायला लावावीत, असा विचार आहे. मी शासकीय सेवक असल्याने यात आचारसंहितेची अडचण येईल का?

---

ओसरी

फळ्यावर लिहू नका. आपला हेतू स्वच्छ असला तरी एका चिन्हाचे चित्र दुसऱ्यापेक्षा मोठे निघाले, एवढ्यावरून तक्रार होऊ शकते, आणि तुमच्यावर निवडणुकीची ड्यूटी असताना ती महागात पडेल. मुलांच्या तोंडून उमेदवारांची नावे घरोघरी पाठवणेही मला योग्य वाटत नाही.

हे काम सार्वजनिक ग्रंथालयात, शासकीय सेवेत नसलेल्या माणसांनी करावे. अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की अंतिम यादी लागते. मतपत्रिकेवर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, नोंदणीकृत पक्षांचे नंतर, अपक्ष त्यानंतर आणि ‘वरीलपैकी कोणीही नाही’ शेवटी असा क्रम असतो. वाचन त्याच क्रमाने व्हावे, प्रत्येक शपथपत्रातील तेच तेच रकाने वाचावेत आणि वाचणाऱ्याने एकही शब्द स्वतःचा घालू नये. चिन्हे दाखवायची तर अधिकृत यादीतील चित्रेच एका मापात दाखवावीत. दोन दिवस आधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना लेखी कळवून त्याची पोच घ्यावी. मसुदा हवा असल्यास मी करून देईन.

---

कांदाचाळ

वाचन संध्याकाळी सातनंतर ठेवा. त्याआधी बायका शेतातून आणि गोठ्यातून मोकळ्या होत नाहीत, आणि मग तेथे फक्त पारावरचे पुरुष बसलेले दिसतील. चिन्हांची चित्रे सर्वांच्या हाती फिरवा, नुसती भिंतीवर लावू नका. दूरचे नीट न दिसणारी पुष्कळ माणसे तसे सांगत नाहीत.

---

वर्गाबाहेर (धागाकर्ता)

मसुदा जरूर पाठवावा. आमच्या गावच्या ग्रंथालयाच्या सचिवांशी मी शनिवारी बोलतो. ते निवृत्त पोस्टमास्तर आहेत आणि त्यांचे वाचन स्पष्ट आहे. त्या आजींच्या गावात ग्रंथालय नाही, पण मारुतीच्या देवळाचा सभामंडप आहे. ते प्रार्थनास्थळ असल्याने तेथे हे चालणार नाही, हे मला ठाऊक आहे; म्हणून तेथील दूध संस्थेच्या आवाराबद्दल विचारून पाहतो. संकल्पपत्राच्या आधी या वाचनाचा निरोप घरी जाईल, आणि तोही मुलेच नेतील.

---